भीती कशी शिकली जाते? अभिसंधान, प्रबलन आणि निरीक्षण यांचा एकत्रित अभ्यास

प्रस्तावना

मानसशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात 'अध्ययन' या प्रकरणात अभिजात अभिसंधान, साधक अभिसंधान आणि निरीक्षणात्मक अध्ययन हे तीन घटक बहुधा लागोपाठ शिकवले जातात. पाव्हलॉव्हचा कुत्रा, स्किनरचा उंदीर आणि बांडुराची बाहुली ही तीन चित्रे विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतात. परंतु या तीन प्रक्रियांचा एकमेकींशी काय संबंध आहे, हा प्रश्न बहुतेक वेळा बाजूलाच राहतो. प्रत्यक्ष जीवनात त्या अशा सुट्या सुट्या येत नाहीत. एकाच माणसाच्या एकाच वर्तनात तिन्ही गुंतलेल्या असतात.

हा संबंध आपण या पाठात एका उदाहरणातून समजून घेणार आहोत. ते उदाहरण म्हणजे भीती. अध्ययनावरील अनेक महत्त्वाचे प्रयोग भीतीवर झालेले आहेत, हे ती निवडण्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. 'ज्याची भीती वाटते ते टाळत राहिले की भीती हळूहळू जाते' अशी समजूत सर्वत्र आढळते. या समजुतीपोटी कित्येक विद्यार्थी तोंडी परीक्षा, सेमिनार किंवा मुलाखत वर्षानुवर्षे टाळत राहतात. ही समजूत चुकीची का आहे, याचे उत्तर अध्ययनाच्या सिद्धांतांत मिळते.

अध्ययनाची व्याख्या आणि आपले उदाहरण

अनुभव किंवा सराव यांमुळे वर्तनात किंवा वर्तनक्षमतेत होणारा तुलनेने टिकाऊ बदल म्हणजे अध्ययन. थकवा, आजार, औषधांचा परिणाम किंवा केवळ वाढत्या वयामुळे होणारे परिपक्वन यांतून घडणारे बदल या व्याख्येत येत नाहीत. व्याख्येतील 'वर्तनक्षमता' हा शब्द ध्यानात ठेवावा. शिकलेली गोष्ट लगेच वर्तनात दिसेलच असे नाही, हे आपण पुढे पाहणार आहोत.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, बी. ए.च्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला वर्गासमोर उभे राहून बोलण्याची फार भीती वाटते. शाळेत असताना फळ्यासमोर उत्तर देताना ती अडखळली होती. तेव्हा शिक्षक एकदम ओरडले आणि सगळा वर्ग हसला. असे दोन-तीन वेळा घडले. आता महाविद्यालयात सेमिनारची तारीख लागली की तिच्या पोटात गोळा येतो आणि नेमक्या त्या दिवशी ती गैरहजर राहते. तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीवर असा प्रसंग कधीच आलेला नाही. पण तिलाही तशीच भीती वाटते.

या उदाहरणातून तीन प्रश्न निर्माण होतात:

१. पहिल्या विद्यार्थिनीच्या मनात भीती निर्माण कशी झाली?
२. आता कोणी ओरडत नाही, हसत नाही. तरी ती इतकी वर्षे टिकली कशी?
३. स्वतःला कोणताही वाईट अनुभव नसताना मैत्रिणीला भीती कशी वाटू लागली?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अभिजात अभिसंधान देते, दुसऱ्याचे साधक अभिसंधान आणि तिसऱ्याचे निरीक्षणात्मक अध्ययन. आता ही उत्तरे क्रमाने पाहू.

भीती निर्माण कशी होते? – अभिजात अभिसंधान

रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांच्या लाळस्रावाचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले, की अन्न तोंडात पडण्याआधीच, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच कुत्र्याला लाळ सुटते. या निरीक्षणातून त्यांनी पुढील संकल्पना मांडल्या:

- अनभिसंधित उद्दीपक: ज्याला प्रतिसाद देणे शिकावे लागत नाही असा उद्दीपक. उदा. अन्न.
- अनभिसंधित प्रतिसाद: त्याला मिळणारा नैसर्गिक प्रतिसाद. उदा. अन्न तोंडात पडल्यावर सुटणारी लाळ.
- अभिसंधित उद्दीपक: सुरुवातीला तटस्थ असणारा, पण अन्नाशी वारंवार जोडला गेल्याने अर्थ प्राप्त झालेला उद्दीपक. उदा. मेट्रोनोमची टकटक.
- अभिसंधित प्रतिसाद: केवळ टकटक ऐकून सुटणारी लाळ.

लाळेच्या बाबतीत जे घडते, ते भीतीच्या बाबतीतही घडते का? जॉन वॉट्सन आणि रोझाली रेनर यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात याचा प्रयोग केला आणि तो १९२० साली प्रसिद्ध केला. 'छोटा अल्बर्ट' या नावाने ओळखले जाणारे हे बाळ सुमारे नऊ महिन्यांचे असताना पांढरा उंदीर, ससा, कुत्रा यांपैकी कशालाच घाबरत नव्हते. लोखंडी दांड्यावर हातोडा आपटून काढलेल्या मोठ्या आवाजाला मात्र ते दचकून रडू लागे. ते सुमारे अकरा महिन्यांचे झाल्यावर संशोधकांनी त्याच्यासमोर उंदीर आणला आणि त्याच वेळी मागे हा आवाज काढला. आठवड्याच्या अंतराने झालेल्या दोन सत्रांत मिळून असे सात वेळा केल्यावर, आवाज नसतानाही नुसता उंदीर दिसताच बाळ रडू लागले आणि रांगत दूर जाऊ लागले.

पाच दिवसांनी ते ससा, कुत्रा आणि फरचा कोट यांनाही घाबरताना दिसले. लाकडी ठोकळ्यांशी मात्र ते नेहमीप्रमाणे खेळत होते. मूळ उद्दीपकाशी साम्य असलेल्या इतर उद्दीपकांनाही तोच प्रतिसाद मिळणे याला सामान्यीकरण म्हणतात, तर दोन उद्दीपकांत फरक करून एकालाच प्रतिसाद देणे याला विभेदन म्हणतात.

या प्रयोगाचा दाखला देताना त्याच्या मर्यादाही लिहाव्यात. तो एकाच बाळावर झाला होता. भीतीचे मापन संशोधकांच्या स्वतःच्या निरीक्षणावर अवलंबून होते. नंतरच्या एका सत्रात ससा आणि कुत्रा यांच्यासोबतही थेट आवाज काढण्यात आला, त्यामुळे पुढचे निष्कर्ष निर्भेळ राहिले नाहीत. सर्वांत गंभीर बाब म्हणजे, बाळाची निर्माण केलेली भीती घालवण्याचा प्रयत्न न होताच त्याला रुग्णालयातून नेण्यात आले. आजच्या संशोधन नीतीनुसार असा प्रयोग करता येणार नाही.

आपल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत अचानक ओरडणे हा अनभिसंधित उद्दीपक, दचकणे आणि छातीत धडधडणे हा अनभिसंधित प्रतिसाद, आणि वर्गासमोर उभे राहणे हा अभिसंधित उद्दीपक ठरतो. हशा हा थोडा वेगळा आहे. चारचौघांत हसे होणे वाईट असते, हे आपण आधी कधीतरी शिकलेलो असतो. आधीच अभिसंधित झालेल्या उद्दीपकाच्या जोरावर नवा उद्दीपक अर्थपूर्ण होणे याला उच्चस्तरीय अभिसंधान म्हणतात. शाळेतील फळ्यापासून सुरू झालेली ही भीती महाविद्यालयातील सेमिनार आणि तोंडी परीक्षा यांपर्यंत पोहोचते, ती सामान्यीकरणामुळे.

दोन गोष्टी एकत्र आल्या की त्या जोडल्या जातात, इतकेच अभिजात अभिसंधानाचे स्वरूप आहे का? रॉबर्ट रेस्कॉर्ला यांच्या १९६८ च्या प्रयोगाने याचे उत्तर 'नाही' असे दिले. त्यांनी उंदरांच्या एका गटाला फक्त विशिष्ट आवाजाच्या काळात विजेचा सौम्य झटका दिला. दुसऱ्या गटाला आवाजाच्या काळात तितकेच झटके दिले. पण आवाज नसतानाही तितक्याच शक्यतेने झटके दिले. दोन्ही गटांत आवाज आणि झटका सारख्याच वेळा एकत्र आले होते. तरीही आवाजाची भीती पहिल्या गटालाच वाटू लागली. दुसऱ्या गटासाठी आवाजातून झटक्याबद्दल कोणतीही माहिती मिळत नव्हती. थोडक्यात, प्राणी कशावरून काय घडणार आहे याचा अंदाज बांधायला शिकतो. हा अंदाज मुद्दाम केलेला विचार असेलच असे नाही. म्हणूनच 'घाबरायचे काही कारण नाही' हे पटूनही छाती धडधडतच राहते.

भीती टिकते कशी? – साधक अभिसंधान आणि प्रबलन

अभिसंधित उद्दीपक वारंवार एकटाच आला, म्हणजे टकटक झाली पण अन्न आले नाही, तर प्रतिसाद हळूहळू क्षीण होत जातो. याला विलोपन म्हणतात. मग एक कोडे उभे राहते. महाविद्यालयात कोणी ओरडत नाही, तर त्या विद्यार्थिनीची भीती विलोपनाच्या नियमाने नाहीशी का झाली नाही? या कोड्याचे उत्तर देण्यासाठी साधक अभिसंधानाकडे वळावे लागते.

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांना कोडे-पेटीत ठेवून दाखवले, की ज्या कृतीमुळे दार उघडते ती कृती पुढच्या प्रयत्नांत अधिकाधिक लवकर होऊ लागते. यावरून त्यांनी परिणामाचा नियम मांडला: समाधानकारक परिणाम देणारी कृती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते. बी. एफ. स्किनर यांनी १९३८ सालच्या आपल्या ग्रंथापासून याचा पद्धतशीर विस्तार केला. अभिजात अभिसंधानात प्रतिसाद उद्दीपकामुळे आपोआप घडतो. साधक अभिसंधानात प्राणी स्वतः कृती करतो आणि त्या कृतीच्या परिणामावरून शिकतो.

परिणामांचे चार प्रकार आहेत:

- धन प्रबलन: कृतीनंतर हवीशी गोष्ट मिळते आणि कृती वाढते. उदा. उत्तर दिल्यावर शाबासकी मिळाली, म्हणून मूल अधिक उत्तरे देऊ लागते.
- ऋण प्रबलन: कृतीनंतर नकोशी गोष्ट दूर होते आणि कृती वाढते. उदा. गोळी घेतल्यावर डोके दुखायचे थांबले, म्हणून पुढच्या वेळी आपण लगेच गोळी घेतो.
- धन शिक्षा: कृतीनंतर नकोशी गोष्ट येते आणि कृती कमी होते. उदा. बोलणी बसल्यामुळे प्रश्न विचारणे कमी होते.
- ऋण शिक्षा: कृतीनंतर हवीशी गोष्ट काढून घेतली जाते आणि कृती कमी होते. उदा. भांडण केल्यामुळे खेळण्याचा वेळ कमी केला जातो.

येथे 'धन' आणि 'ऋण' हे शब्द चांगले-वाईट या अर्थाने आलेले नाहीत. धन म्हणजे काहीतरी दिले गेले, ऋण म्हणजे काहीतरी काढून घेतले गेले. प्रबलन आहे की शिक्षा, हे ठरवण्याची कसोटी एकच: कृती वाढली की कमी झाली? परीक्षेत 'ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा' असे लिहिणारे विद्यार्थी नेमके येथेच चुकतात. देणाऱ्याचा हेतू काय होता यालाही महत्त्व नाही. रागावल्याने मुलाचा दंगा वाढत असेल, तर त्या मुलासाठी ते रागावणे प्रबलक ठरले आहे.

आता आपल्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. सेमिनारच्या दिवशी सकाळी तिच्या पोटात गोळा येतो. ती 'आज जात नाही' असे ठरवते, आणि ठरवताक्षणी तिला हायसे वाटते. हे हायसे वाटणे म्हणजेच ऋण प्रबलन: नकोशी वाटणारी भीती दूर झाली आणि त्यामुळे 'न जाणे' ही कृती बळकट झाली. पुढच्या सेमिनारला न जाण्याची शक्यता वाढली.

ओ. होबार्ट मौरर यांनी १९४७ साली मांडलेला द्विघटक सिद्धांत हेच सांगतो. भीती अभिजात अभिसंधानाने निर्माण होते. ती कमी करणारी टाळण्याची कृती साधक अभिसंधानाने पक्की होते. नील मिलर यांनी १९४८ साली याचे प्रात्यक्षिक दिले. त्यांनी पांढऱ्या कप्प्यात उंदरांना झटके दिले आणि शेजारच्या काळ्या कप्प्यात पळण्याची मुभा ठेवली. नंतर झटके पूर्ण बंद केले आणि मधले दार लावून टाकले. छोटे चाक फिरवले तरच ते उघडत असे. झटका नसतानाही उंदीर केवळ पांढऱ्या कप्प्याच्या भीतीपोटी चाक फिरवायला शिकले. भीतीतून सुटका हाच त्यांचा प्रबलक होता.

रिचर्ड सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत हे आणखी स्पष्ट झाले. इशारा मिळताच अडथळ्यावरून दुसऱ्या बाजूला उडी मारली, तर झटका टळत असे. झटके कायमचे बंद केल्यानंतरही अनेक कुत्रे शेकडो वेळा उड्या मारतच राहिले. झटका आता येत नाही, हे कळण्यासाठी इशाऱ्यानंतर जागेवर थांबणे आवश्यक होते. आणि नेमके तेच ते करत नव्हते.

वरच्या कोड्याचे उत्तर हेच आहे. विलोपन होण्यासाठी भीतीच्या प्रसंगाला सामोरे जाऊन 'काही वाईट घडले नाही' हा अनुभव यावा लागतो. टाळणारी व्यक्ती तो अनुभव येण्याआधीच निघून जाते. टाळण्याने त्या क्षणाची भीती कमी होते, पण तीच कृती भीतीला वर्षानुवर्षे जपून ठेवते.

यात प्रबलनाच्या वेळापत्रकाचाही वाटा असतो. प्रत्येक योग्य कृतीनंतर प्रबलन मिळणे म्हणजे सतत प्रबलन. काही वेळाच मिळणे म्हणजे अंशतः प्रबलन. चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांच्या १९५७ च्या ग्रंथात अंशतः प्रबलनाच्या प्रकारांचा विस्तृत अभ्यास आहे. त्यांतील चार मुख्य प्रकार असे:

- स्थिर गुणोत्तर: ठरावीक संख्येने कृती केल्यावर प्रबलन. उदा. दर हजार विड्यांमागे मजुरी.
- बदलते गुणोत्तर: किती कृतींनंतर प्रबलन मिळेल ते निश्चित नसते. उदा. लॉटरीचे तिकीट.
- स्थिर मध्यंतर: ठरावीक काळ गेल्यानंतरच्या पहिल्या कृतीला प्रबलन. उदा. रोज ठरल्या वेळी येणाऱ्या बससाठी वळणाकडे पाहणे. वेळ जवळ आली की पाहणे वाढते.
- बदलते मध्यंतर: किती काळाने प्रबलन मिळेल ते निश्चित नसते. उदा. संदेश आला का, हे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा फोन उघडणे.

अंशतः प्रबलनाने बळकट झालेली कृती विलोपनाला जास्त काळ दाद देत नाही. समजा, विद्यार्थिनीने 'बरे नाही' असे सांगितल्यावर शिक्षक कधी सूट देतात आणि कधी देत नाहीत. आपण शिस्त पाळतो आहोत असे शिक्षकांना वाटेल. परंतु अधूनमधून मिळणारी ही सूट बदलत्या गुणोत्तराचे काम करते आणि सबब सांगण्याची सवय अधिक चिवट होते.

अनुभवाशिवाय भीती कशी वाटू लागते? – निरीक्षणात्मक अध्ययन

तिसरा प्रश्न मैत्रिणीचा होता. तिच्यावर कोणी ओरडले नव्हते, तिने काही टाळलेही नव्हते. तिने फक्त पाहिले होते.

अल्बर्ट बांडुरा, डोरोथिया रॉस आणि शीला रॉस यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील ७२ मुलांवर केलेला प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. एका गटातील मुलांनी प्रौढ व्यक्तीला 'बोबो' नावाच्या फुगवलेल्या बाहुलीला मारताना पाहिले, दुसऱ्या गटाने शांतपणे खेळणारी प्रौढ व्यक्ती पाहिली, तर तिसऱ्या गटाने कोणालाच पाहिले नाही. नंतर खेळायला सोडल्यावर पहिल्या गटातील मुलांनी मारण्याच्या त्याच पद्धती आणि तेच शब्द मोठ्या प्रमाणात वापरले. यासाठी त्यांना कोणतेही बक्षीस मिळालेले नव्हते.

१९६५ चा बांडुरा यांचा पुढचा प्रयोग सैद्धांतिक दृष्ट्या अधिक महत्त्वाचा आहे. यात मुलांना एक चित्रफीत दाखवण्यात आली. शेवटी काहींना बाहुलीला मारणाऱ्याला बक्षीस मिळताना दिसले, काहींना त्याला शिक्षा होताना दिसली, तर काहींना कोणताच परिणाम दिसला नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नंतर सर्वांत कमी अनुकरण केले. मात्र 'जे पाहिले ते करून दाखवले तर खाऊ मिळेल' असे सांगताच तिन्ही गटांतील फरक नाहीसा झाला. शिकणे सर्वांचे झाले होते. वर्तनात आणणे परिणामांवर अवलंबून होते. व्याख्येतील 'वर्तनक्षमता' या शब्दाचे महत्त्व येथे कळते. दुसऱ्याला मिळालेले बक्षीस किंवा शिक्षा पाहून आपल्या वर्तनावर होणाऱ्या परिणामाला परोक्ष प्रबलन आणि परोक्ष शिक्षा म्हणतात.

बांडुरा यांच्या मते निरीक्षणात्मक अध्ययनात चार प्रक्रिया असतात: अवधान (आदर्श व्यक्तीकडे लक्ष जाणे), धारणा (पाहिलेले स्मृतीत राहणे), पुनरुत्पादन (ते करून दाखवण्याची क्षमता असणे) आणि प्रेरणा (ते करण्याचे कारण असणे).

भीतीही अशी पाहून शिकता येते, याचा पुरावा सुसान मिनेका आणि मायकेल कुक यांच्या माकडांवरील प्रयोगांतून मिळाला. जंगलात वाढलेली ऱ्हीसस माकडे सापाला घाबरतात. प्रयोगशाळेत वाढलेली घाबरत नाहीत. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रयोगशाळेतील माकडांनी सापाला घाबरणारी माकडे पाहिली आणि त्यांपैकी बहुतेकांना सापाची तीव्र भीती वाटू लागली. साप त्यांना एकदाही चावला नव्हता.

१९८९ साली त्यांनी संपादित चित्रफिती वापरल्या. काही माकडांना खेळण्यातील सापाला घाबरणारे माकड दिसले, तर काहींना त्याच प्रकारे फुलांना घाबरणारे माकड दिसले. माकडे सापाला घाबरायला शिकली, फुलांना नाही. म्हणजेच कोणतीही गोष्ट कोणत्याही गोष्टीशी सारख्याच सहजपणे जोडली जात नाही. काही जोड्या शिकण्यास प्राणी जैविक दृष्ट्या आधीच तयार असतो. याला पूर्वसज्जता म्हणतात.

भीती कमी कशी होते?

निर्माण होण्याचे मार्ग तीन असल्याने कमी करण्याचे उपायही तिन्ही दिशांनी करता येतात.

मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली पीटर नावाच्या, सुमारे तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती कमी केल्याची नोंद प्रसिद्ध केली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात, दूर अंतरावर ठेवला जाई. तो शांत राहिला की ससा दर वेळी थोडा जवळ आणला जाई. सशाला न घाबरणारी इतर मुलेही काही वेळा सोबत असत. शेवटी पीटर सशाला हाताळू लागला. यात सशाची सुखद अनुभवाशी नवी जोडणी होती, पळून न जाता सामोरे जाणे होते आणि निरीक्षणही होते. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली सविस्तर मांडलेले पद्धतशीर विसंवेदनीकरण याच दिशेने जाते: भीतीच्या प्रसंगांची कमी भीतीदायक ते अधिक भीतीदायक अशी उतरंड लावायची आणि शरीर शिथिल ठेवून एकेक पायरी चढायची.

निरीक्षणाचा उपयोग बांडुरा, जोन ग्रुसेक आणि फ्रान्सिस मेनलव्ह यांनी १९६७ साली दाखवला. कुत्र्याला घाबरणाऱ्या बालवाडीतील मुलांनी चार दिवसांत आठ छोट्या सत्रांमध्ये एका समवयस्क मुलाला कुत्र्याशी हळूहळू अधिक जवळून खेळताना पाहिले. असे न पाहिलेल्या मुलांच्या तुलनेत ती मुले कुत्र्याजवळ जाण्यास अधिक तयार झाली, आणि महिन्याभरानेही हा फरक टिकून होता.

आपल्या विद्यार्थिनीसाठी याचा अर्थ असा: आधी एका मैत्रिणीसमोर दोन मिनिटे बोलणे, मग चार जणींसमोर, मग जागेवर बसून एखादा प्रश्न विचारणे, त्यानंतर उभे राहून छोटा परिच्छेद वाचणे आणि शेवटी सेमिनार. भीती वाटत असतानाही त्या पायरीवर ती ओसरेपर्यंत थांबायचे. मध्येच निघून गेल्यास पुन्हा टाळण्यालाच प्रबलन मिळते. शिक्षकांनी छोट्या प्रयत्नालाही दाद द्यावी. अपेक्षित कृतीच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक टप्प्याला प्रबलन देण्याच्या या पद्धतीला आकारण म्हणतात. आधी थोडे अडखळून नंतर सावरणारा विद्यार्थी वर्गाला दिसणे हेही उपयुक्त ठरते. 'मलाही हे जमेल' हे तिला त्यातून दिसते.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. विलोपनाने जुने अध्ययन पुसले जात नाही. काही काळाच्या खंडानंतर प्रतिसाद पुन्हा दिसतो, हे पाव्हलॉव्ह यांनीच दाखवले होते. याला उत्स्फूर्त पुनःप्राप्ती म्हणतात. मार्क बूटन यांच्या संशोधनानुसार विलोपन म्हणजे जुन्यावर बसलेले नवे अध्ययन असते आणि ते ज्या परिस्थितीत झाले तिच्याशी जोडलेले असते. म्हणून वर्गातील भीती गेलेल्या विद्यार्थिनीला नोकरीच्या मुलाखतीत ती पुन्हा जाणवू शकते. हे अपयशाचे लक्षण नाही. सराव वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या लोकांसमोर करावा, एवढाच त्याचा अर्थ. भीतीमुळे शिक्षण किंवा दैनंदिन जीवन अडत असेल, तर महाविद्यालयातील समुपदेशकाची मदत घ्यावी. 'टेली-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांकही देशभर उपलब्ध आहे.

शिक्षेबद्दल एक टिप्पणी

शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. अध्ययनाच्या सिद्धांतांतूनही या तरतुदीला आधार मिळतो. एका ओरडण्याचे तीन परिणाम होतात. अभिजात अभिसंधानाने शिक्षक, विषय आणि फळा यांची भीती निर्माण होते. त्या भीतीतून सुटण्यासाठी गैरहजेरी, मौन किंवा खोटे बोलणे यांना ऋण प्रबलन मिळते. शिवाय संपूर्ण वर्ग निरीक्षणातून दोन धडे घेतो: येथे बोलणे धोक्याचे आहे, आणि अधिकार असला की ओरडता येते. योग्य उत्तर कसे द्यावे, हे मात्र यांतून कोणीच शिकत नाही.

सारांश

भीती अभिजात अभिसंधानाने निर्माण होऊ शकते, टाळण्याला मिळणाऱ्या ऋण प्रबलनाने टिकते आणि निरीक्षणाने एकाकडून दुसऱ्याकडे जाते. अभिसंधानात प्राणी कशावरून काय घडेल ते शिकतो; साधक अभिसंधानात काय केल्यावर काय मिळेल ते शिकतो; निरीक्षणात इतरांच्या बाबतीत काय घडले यावरून शिकतो. भीती कमी करायची, तर टाळणे थांबवून टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे, छोट्या प्रयत्नांना प्रबलन देणे आणि योग्य आदर्श समोर असणे हे तिन्ही उपयोगी पडते.

स्वाध्याय

१. ऋण प्रबलन आणि शिक्षा यांतील फरक स्वतःच्या दैनंदिन जीवनातील प्रत्येकी दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. छोटा अल्बर्ट प्रयोगातील चारही घटक ओळखा आणि त्या प्रयोगाच्या तीन मर्यादा लिहा.
३. टाळण्याच्या वर्तनाचे विलोपन सहजासहजी का होत नाही? मौरर यांच्या सिद्धांताच्या आधारे उत्तर द्या.
४. बांडुरा यांच्या १९६५ च्या प्रयोगावरून अध्ययन आणि वर्तन यांतील भेद स्पष्ट करा.
५. पाण्यात उतरण्यास घाबरणाऱ्या मुलासाठी पाच पायऱ्यांची उतरंड तयार करा आणि प्रत्येक पायरीवर कोणती अध्ययन प्रक्रिया काम करेल ते सांगा.